कोरा काठ

स्वप्नात ती मुलगी नेहमी पुढे चालायची. पाच-सहा वर्षांची, अनवाणी, वाळल्या गवतातून. शाल्मलीच्या लग्नातली पैठणी तिच्या खांद्यावरून खाली लोळत असायची आणि तिचा काठ जिथे जिथे गवताला घासेल तिथे गवत जागं झाल्यासारखं उजळायचं. शाल्मलीला हाक मारायची असायची, पण मुलीला अजून नाव नव्हतं, त्यामुळे हाक घशातच राहायची. मग मुलगी आपणहून थांबायची, काठाचं टोक डोळ्यांजवळ न्यायची आणि विचारायची, "आई, यात काय आहे?"

उत्तर द्यायच्या आत जाग यायची. आजही आली. विजेवरची एसटी आवाज न करता विंचूर ओलांडून येवल्याच्या दिशेने निघाली होती, खिडकीतून सकाळचं ऊन मांडीवर आलं होतं आणि मांडीवरच्या पिशवीत एक फॉर्म होता. आज संध्याकाळी पाचच्या आत तो भरून पाठवायचा होता.

मुलगी मात्र निव्वळ स्वप्नातली नव्हती. ती नाशिकच्या जनुकस्वास्थ्य केंद्रात होती, उणे एकशे शहाण्णव अंशांवर, आठ पेशींची. तीन भ्रूणांपैकी तेवढा एकच तगला होता. शाल्मलीला छत्तिसावं लागलं होतं आणि पुन्हा प्रयत्न करू असं कुणी म्हणत नव्हतं. फॉर्मवर दोन चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं, "दुरुस्ती करावी." दुसऱ्यापुढे, "दुरुस्ती नको," आणि त्याखाली बारीक अक्षरात नकाराचं कारण: धार्मिक, आर्थिक, इतर. होकाराचं कारण कुणी विचारलं नव्हतं.

दुरुस्ती कशाची, हे सांगायचं तर आधी भावसारांच्या घराबद्दल सांगायला हवं.

येवल्यात पैठणीचं रेशीम रंगवणारी घरं पुष्कळ, पण जुन्या विणकरांना विचारलं तर ते भावसारांच्या कारखान्याकडे बोट दाखवत. या घराची रीत जगावेगळी होती. इतरांच्या मुली सासरी जातात. इथे चार पिढ्या मुलगे बाहेर पडले, मुली घरात राहिल्या आणि जावई घरजावई म्हणून आले. लोक हसायचे. "भावसारांकडे वरात उलटी निघते," असं म्हणायचे. पण घराला हसण्याची फिकीर नव्हती, कारण धंदा मुलींच्या डोळ्यांवर चालत होता. लग्नानंतर नाशकात संसार थाटणारी शाल्मली पहिलीच; तीही दर शनिवारी येवल्याला यायची.

त्याची सुरुवात गोदाक्कापासून झाली. शाल्मलीच्या आजीची ती आजी. एकदा मेंदी रंगाच्या दोन लडी सगळ्या कारखान्याने एकसारख्या ठरवल्या, आणि ही कालची पोर म्हणाली, "अहो, या दोन वेगळ्या आहेत." कुणी ऐकलं नाही. पुढे तेच लुगडं मांडवातल्या दिव्यांखाली गेलं तेव्हा त्याचा एक पट्टा मळक्यासारखा दिसायला लागला आणि गिऱ्हाईक ते परत घेऊन आलं. तेव्हापासून रंगवलेली प्रत्येक लड पूर्वेच्या दारात घरातल्या बाईच्या नजरेखालून जाऊ लागली. जो रंग फक्त त्यांनाच वेगळा दिसे, त्याला घरात 'गोदाई' म्हणत. इतरांना तो साधा मेंदी दिसायचा. शाल्मलीला तो पारव्याच्या मानेत दिसायचा, ओल्या दगडाच्या कडेला दिसायचा, कापणी झालेल्या शेतावर संध्याकाळी दोन-चार मिनिटं तरंगताना दिसायचा. लहानपणी तिला वाटे, सगळ्यांनाच दिसतो, फक्त लोक बोलत नाहीत.

याच घरात शाल्मलीचा भाऊ निनाद जन्मला. तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता. टोमॅटो पिकलाय की नाही, ते तो दाबून बघायचा. एकोणिसाव्या वर्षी रेल्वेच्या सहाय्यक चालकाच्या परीक्षेत तो पहिल्या दहात आला आणि वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांसमोर नापास झाला. दिव्याखाली अंधार तो हाच, असं गल्लीत लोक म्हणाले. घराच्या रीतीप्रमाणे तोही बाहेर पडायचा होता; पण परत आल्यावर तो वडिलांच्या मागावर बसला आणि तिथून उठलाच नाही. नक्षी तो मोजून विणायचा, धागा न् धागा. आज त्याच्या हाताची पैठणी घ्यायला लोक दीड वर्ष थांबत.

शाल्मलीच्या लग्नाची पैठणीही त्यानेच विणली. या घरच्या मुलीला लग्नात एक खास काठ मिळतो. सबंध काठावर मुनिया असतात, म्हणजे पोपट, एकीमागे एक. पण जमीन साध्या मेंदीची आणि मुनिया गोदाईच्या. उन्हातही आणि दिव्यांतही दोन्ही रंग इतरांना एकच दिसावेत म्हणून आईने अकरा वेळा रंग उतरवला होता. मग रेशीम गुंडाळलेल्या कांड्या दोन डब्यांत भरून वर एक आणि दोन अशा चिठ्ठ्या लावल्या आणि आकड्यांचा कागद निनादच्या हाती दिला. लग्नात शाल्मलीच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "एवढी भारी पैठणी, आणि काठ कोरा ठेवलाय होय?" तेव्हा मायलेकी एकमेकींकडे बघून गालातल्या गालात हसल्या.

फक्त एक गोष्ट दोघींनी पोटात ठेवली. सगळ्या मुनिया पदराकडे बघत होत्या. त्यांतली एक मागे वळून बघत होती. धागे मोजताना निनादची चूक झाली असणार. "त्याला सांगू नकोस," आई तेव्हा म्हणाली होती. "बिचाऱ्याला दिसत नाही, जिवाला लावून घेईल." शाल्मलीने सांगितलं नाही. सहा वर्षं झाली त्याला.

गेल्या मंगळवारी केंद्रात डॉक्टर रुबीना तांबोळींनी तिला सगळं नीट समजावलं होतं. डॉक्टरांचा आवाज मऊ होता, दुपारच्या झोपेआधी कुणी गोष्ट सांगावी तसा.

"डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी असतात. साधारण माणसात तीन जातींच्या. त्यांना आपण साक्षीदार म्हणू. निळा, हिरवा आणि लाल. मेंदू तिघांची साक्ष पडताळतो आणि रंग ठरवतो. तुमच्या भावाच्या डोळ्यात हिरवा साक्षीदार आपली जागा सोडून लालच्या शेजारी जाऊन बसलाय. दोघं जवळजवळ सारखंच बोलतात, मग लाल की हिरवा याचा निवाडा होत नाही. हे ज्या जनुकामुळे होतं ते एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच. बिघडला की बिघडला."

"आणि आमच्याकडे दोन."

"बरोबर. एक आईचा, एक वडिलांचा. प्रत्येक पेशीत दोघांपैकी एक झोपी जातो. त्यामुळे तुमच्या काही पेशींत जागेवरचा हिरवा आहे, काहींत सरकलेला. म्हणजे साक्षीदार किती झाले?"

"चार," शाल्मली म्हणाली.

"सगळ्याच बायकांना त्याचा उपयोग होत नाही. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बघण्याचंच काम, त्यामुळे मेंदूला चौथ्याचं ऐकायची सवय लागली असावी." डॉक्टरांनी भ्रूणाचा अहवाल पुढे सरकवला. "मुलगी आहे. तुमचा तोच एक्स तिच्याकडे आलाय. तिला दिसेल तुमच्यासारखं. पण तिला मुलगा झाला तर अर्धी शक्यता आहे की तो तुमच्या भावासारखा असेल."

रंगदोष दुरुस्तीच्या यादीत येऊन दोनच वर्षं झाली होती. आधी यादीत रक्ताचे जीवघेणे आजार होते, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. पण यादी आणि लग्नाची पंगत सारखीच. एकाला पाट मांडला की त्याच्या शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. नाशिकचे लोक केंद्राला 'बीजप्रक्रिया' म्हणत, पेरणीआधी बियाण्याला औषध चोळतात तसं. सरकारी खर्चाने व्हायचं, आणि नको म्हणणाऱ्याच्या मुलाच्या दाखल्यावर तशी नोंद राहायची.

"करतात कसं?" तिने विचारलं.

"तुमच्या भाषेत सांगायचं तर रफू. एक रेणू आत जाऊन नेमकी जागा शोधतो, तिथला धागा कापतो आणि सोबत दिलेला नमुना बघून नवा भरतो. फक्त हे रफू तिच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांना जातं. उसवता येत नाही." डॉक्टरांनी अहवाल मिटला. "तुमच्या भावाशी बोललात का याबद्दल?"

"त्याला काय विचारायचं, डॉक्टर? त्याला तर दिसतच नाही."

मग डॉक्टरांनी दोन चष्मे काढले. पहिला घातला की जग इतरांना दिसतं तसं दिसायचं. शाल्मली मुद्दाम पैठणी नेसून गेली होती. चष्मा लावून तिने काठाकडे पाहिलं. काठ कोरा होता. एकही मुनिया नाही. म्हणजे दुरुस्त झालेली मुलगी विचारेल, आई, यात काय आहे, आणि तिला फक्त सांगावं लागेल.

दुसरा चष्मा निनादसारख्या डोळ्यांचा. टेबलावर पानांसकट जास्वंद होती. चष्मा लावला, आणि ते लालभडक फूल पानांत विरघळून गेलं. दादाने एकोणिसाव्या वर्षापासून, नव्हे जन्मापासून, हे असं जग बघितलं! तिचे डोळे भरून आले, तिने चष्मा ओढून काढला.

"अजून जरा बघा," डॉक्टर म्हणाल्या. "हा चष्मा मजेशीर आहे."

"नको. पुरे," शाल्मली म्हणाली आणि तिथून उठली.

येवल्याला उतरून ती कारखान्यात पोचली तेव्हा आई पूर्वेच्या दारात उभी होती. सत्तरी जवळ आलेली, हातांची नखं कायमची निळी झालेली वैजयंती भावसार. उन्हात लडी धरून ती एकेक बाजूला टाकत होती. शेजारच्या टेबलावर रंग मोजायचं महागडं मशीन धूळ खात पडलं होतं. ते तीन रंगांच्या डोळ्यांसाठी बनवलेलं; त्याला गोदाई काय कळणार!

"भरलास फॉर्म?" आईने मान वर न करता विचारलं.

"नाही अजून. तन्मय म्हणतो, करून टाकू. उद्या तिचा मुलगा विचारेल, तुम्हाला माहीत होतं तरी मला असंच ठेवलंत? काय सांगायचं त्याला?"

"जावईबापू नाशकात बसून बोलतायत. इथे माझ्यानंतर तू, तीही शनिवारची पाहुणी. तुझ्यानंतर या दारात कोण उभं राहणार? ते मशीन?"

"आई, दारासाठी मूल जन्माला घालायचं का?"

"मग कशासाठी घालतात?" आई फणकाऱ्याने म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज उतरला. "तसं नाही गं. मला एवढंच वाटतं, हा रंग बघणारं कुणीतरी उरावं. गोदाक्कापासून एक दिवस हे दार रिकामं राहिलं नाही. तू रफू करून टाकलंस की तो रंग जगातून जाईल. असेल तिथेच, पण बघायला कुणी नसेल."

"आणि दादासारखी मुलं?"

"निनादचं काय वाईट झालंय? नाव आहे त्याचं."

"त्याला विचारलंस कधी?"

"त्याला काय विचारायचं," आई म्हणाली. "त्याला तर..."

आई वाक्य पुरं करायच्या आतच शाल्मलीला ते ऐकू आलं. हेच वाक्य, याच सुरात, चार दिवसांपूर्वी ती स्वतः बोलली होती. तिला आपली विलक्षण लाज वाटली. ती मागाच्या खोलीकडे वळली.

निनाद विणत होता. खोलीत उन्हाचा एकच पट्टा होता आणि मागाचा आवाज संथ, पेंगुळलेला. दारातलं बोलणं त्याला ऐकू आलं असणार; तिला बघून तो हसला. "ये शालू. पिशवीत काय, माझं भवितव्य?"

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. मनाशी तिने ठरवलं होतं: सही करायचीच. या माणसासारखं आणखी एक माणूस तक्त्यांसमोर नापास व्हायला नको. पण त्याआधी निदान एक खोटं संपवायचं.

"दादा, रागवू नकोस. माझ्या पैठणीच्या काठात एक चूक आहे. आईला आणि मला ती तेव्हाच दिसली होती. आम्ही तुला सांगितलं नाही. एक मुनिया उलटी झालीय. मागे बघतेय. पदराकडून सतरावी."

माग थांबला.

"अठरावी," निनाद म्हणाला.

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"पदराकडून अठरावी. तू मोजताना एक गाळतेस, काठ दुमडतो तिथली. आणि ती झालेली नाही, मी केलीय. मुद्दाम."

"पण... आईने नंबर लावून दिले होते. एकचा डबा, दोनचा डबा."

"चिठ्ठ्या मी पहिल्याच दिवशी काढून टाकल्या. गरज पडली नाही." त्याने हात मांडीवर ठेवले. "मला दिसतो गं, शालू. तुमचा तो गोदाई."

शाल्मली उठली. दारातून मेंदी रंगाच्या सहा लडी घेऊन आली. तीन साध्या, तीन गोदाईच्या. पाठीमागे सरमिसळ करून एकेक पुढे धरली. निनाद हात न लावता सांगत गेला. साधी. गोदाई. गोदाई. साधी. सहाच्या सहा बरोबर. मागून आई आली होती. तिने शाल्मलीच्या हातातल्या लडी घेतल्या, स्वतः पिसल्या, पुन्हा विचारल्या. पुन्हा सहाच्या सहा बरोबर.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"सहा वर्षांचा होतो तेव्हा दारात येऊन तुला सांगितलं होतं, आई, ही लड गोदाई आहे. तू म्हणालीस, बाजूला हो, हे बायकांचं काम आहे. पुढे तक्तेवाल्यांनी आंधळा ठरवलं. मग मलाच वाटायला लागलं, मला दिसतं ते खरं नसणार. या काठाच्या वेळी तुझ्या चिठ्ठ्यांशी ताडून बघितलं, तेव्हा कळलं की खरं होतं. मग म्हटलं, एक मुनिया वळवून ठेवू. कुणीतरी येऊन म्हणेल, निनाद, तू चुकलास. मग मी सांगेन." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "सहा वर्षं वाट बघितली. तुम्ही दोघी माझी कीव करत राहिलात."

शाल्मलीने मनाशी पुन्हा मोजलं. चार साक्षीदार. निळा, लाल, जागेवरचा हिरवा आणि सरकलेला. तिने चौथ्याला घरच्या बायकांची देणगी म्हटलं होतं आणि दादाच्या सरकलेल्याला दोष. दोन नव्हतेच ते. तिच्या डोळ्यात जो चौथा होता, तो दादाकडे पहिल्यापासून होता. ज्या जोड्या सगळ्या जगाला एकसारख्या दिसतात, त्यांतल्या काही त्याला वेगळ्या दिसायच्या, अगदी तिच्यासारख्याच. तो चष्मा घालून तिने फक्त फुलाकडे पाहिलं होतं. काठाकडे पाहिलं असतं तर मुनिया दिसल्या असत्या.

आई भिंतीला टेकून डोळ्यांना पदर लावून उभी होती.

"दादा, मी काय करू?" शाल्मलीने विचारलं. "खरं सांग. मी सही करायला निघाले होते. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नको करूस काही." निनादने मागाच्या लाकडावरून हात फिरवला. "खरं सांगू? रेल्वेनं परत पाठवलं त्या दिवशी मी मनमाड स्टेशनावर बसून रडलो होतो. सगळ्या गाड्या जाऊ दिल्या. ते दुःख खोटं नाही, आणि टोमॅटो मला अजून कळत नाही. तुझ्या नातवाला हे सगळं होईल कदाचित. तुझ्या नावाने खडे फोडेल तो. तेव्हा, दादा बोलला होता, असं सांगून सुटका करून घेऊ नकोस."

"आणि?"

"आणि माझ्या डोळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या गप्प बसण्याबद्दल आहे. एवढंच विचारलंस तर सांगण्यासारखं. बाकी मुलगी तुझी."

उन्हाचा पट्टा सरकत मागावर चढला आणि अर्धवट विणलेल्या काठावर पसरला. तिघंही त्याकडे बघत होती, आणि शाल्मलीला पहिल्यांदाच जाणवलं की तिघांना तिथे एकच गोष्ट दिसते आहे. न जन्मलेल्या नातवाची तिला भीती वाटत होती, आताही वाटत होती. पण कोरा काठ समोर धरून जन्मभर सांगत बसण्याची भीती त्याहून मोठी होती, आणि ते तिने स्वतःशी कबूल केलं. नातवाला सगळं सांगायचं, पहिल्या दिवसापासून. तो भांडेल तर भांडू द्यायचं.

आईने डोळे पुसले. हातातली एक लड उन्हात धरली, बराच वेळ बघितली, आणि मग लेकासमोर नेली.

"निनाद, ही जरा बघ रे," ती म्हणाली. "मघापासून माझं ठरत नाहीये. जुळते का?"

निनादने लड हातात घेतली. आईचं सगळं कधीच ठरलेलं असतं, हे तिघांनाही माहीत होतं. तो उठला आणि लड घेऊन पूर्वेच्या दाराकडे चालू लागला. आई त्याच्या मागोमाग गेली.

शाल्मलीने फॉर्म काढला. पाचला अजून खूप अवकाश होता. दुसऱ्या चौकोनात तिने खूण केली. धार्मिक, आर्थिक ही खोडली आणि 'इतर' पुढच्या रिकाम्या ओळीवर सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"मुलीच्या मामाला विचारलं."